ताईच्या जागी आई

मालिकेतल्या खुनशी डॉक्टरचं लहानपण लिहायचं काम लेखकाला मिळालं. मुखपृष्ठावर फोटो डॉक्टरचा, नावही डॉक्टरचंच. लेखक खड्ड्यात गेला तरी चालेल. त्याला त्याची फिकीर नव्हती, कारण पुस्तकात त्यानं आपली ताई घातली होती. टाकीत पडलेल्या धाकट्या भावाला, म्हणजे त्यालाच, वर ढकलून स्वतः बुडालेली, तेरा वर्षांची. बापानं तिचा एक फोटो घरात ठेवला नाही, मरेपर्यंत विषय काढू दिला नाही. आता ती छापून येणार होती. आईला त्यानं सांगूनही टाकलं होतं. म्हातारी रोज विचारायची, "आली का रे?"

"ताई उडवा," संपादक म्हणाले.

"का?"

"दोनशे बाराव्या भागात डॉक्टर म्हणतो, मी एकुलता एक. चॅनेलच्या बाईंनी लाल खूण करून पाठवलंय."

"अहो, सगळं पुस्तक तिच्यावर उभंय!"

"मग ताईची आई करा. कॉम्प्युटर एका दमात बदलतो. क्रियापदालाही हात लावायला नको. आपली मराठी फार सोयीची हो!"

"साहेब, ती खरी होती. माझी बहीण..."

"असेल. मालिकेत नव्हती ना?"

आणि त्यांनी कळ दाबली. पुढं 'गळ्यातला ताईत'चा 'गळ्यातला आईत' झाला, तेवढा मात्र मुद्रितशोधकानं धरला. हुशार माणूस!

लेखकानं पुस्तक घरी आणलंच नाही. पण शेजारीण मालिकावेडी. तिनंच आणून दिलं. तो कामावरून आला तेव्हा आई ओळीवर बोट ठेवून बसली होती.

"'आईनं मागचापुढचा विचार न करता टाकीत उडी घेतली.' हे तू लिहिलंस?"

"आई, ते ताईचं होतं. त्यांनी शब्द बदलला."

"मी काठावर उभी होते. तिनं तुला वर दिलं, मी ओढून घेतलं. मग नुसता हात दिसत होता तिचा. मला पोहता येत नव्हतं रे. नाही मारली उडी."

हे त्याला आजवर कुणी सांगितलं नव्हतं.

"टोमणा मारायचा तर तोंडावर मारायचास," ती म्हणाली. "गावभर छापायचा कशाला?"

त्यानं आतल्या खोलीत जाऊन ट्रंक उपसली, हातानं लिहिलेली वही काढली, ते पान तिच्यापुढं धरलं. "बघ. ताई. ताईच लिहिलंय."

तिनं पान पाहिलं, मग त्याच्याकडं पाहिलं.

"हे आत्ता लिहून आणलंस ना?"