खोक्याचं ॲव्हरेज

व्रजलाल शेठच्या खोक्याला कुंकू लागायचं, शेठच्या गळ्यात हार पडायचा आणि मला अर्धा चहा मिळायचा. चार वर्षं हे असंच चाललं.

खोक्याचं नाव बचतराज. हिरव्या रंगाचा, तळहाताएवढा पत्र्याचा डबा. आत तांब्याची तार गुंडाळलेली, आणि एका बाजूने निघालेली रबरी नळी कार्बोरेटरच्या खाली जोडायची. त्या नळीतून इंजिनात जास्तीची हवा जाते, पेट्रोल पुरतं जळतं आणि गाडी लिटरमागे पाच किलोमीटर जास्त पळते, असं शेठ सांगायचा. राजकोटला भक्तिनगरमध्ये त्याचं गॅरेज होतं. मी, करमण, त्याचा ड्रायव्हर. त्याआधी अकरा वर्षं ट्रकवर होतो.

नुसत्या बोलण्यावर आमच्याकडचा माणूस खिशात हात घालत नाही, त्याला बाटली दाखवावी लागते. म्हणजे असं, की गाडीच्या टाकीची नळी काढून टाकायची. एक लिटर पेट्रोलची काचेची बाटली आत खिडकीपाशी टांगायची आणि तिची नळी थेट इंजिनाला द्यायची. गोंडल चौकडीच्या नाक्यावरून निघायचं, मागून मेटाडोरमध्ये बघे, आणि गाडी आपणहून बंद पडेल तिथे रस्त्यावर खडूची रेघ मारायची. शेठची फियाट बिनखोक्याची असताना दुसऱ्या ड्रायव्हरच्या हाती शापरच्या कारखान्यांपर्यंत जायची. मग खोका बसवायचा, मी बसायचो, आणि गाडी त्याच्याही पुढे, रीबड्यापर्यंत जायची. दर वेळी. लोक मेटाडोरमधून उतरून रेघेभोवती जमायचे, बॉनेट उघडून खोक्याला हात लावायचे आणि तोच हात कपाळाला लावायचे.

मी बाटलीवर गाडी चालवताना चप्पल काढतो. झोपलेल्या लेकराच्या पोटावर हात ठेवावा तसा पाय ठेवायचा, तेही अनवाणी. चपलेतून इंजिन कळत नाही. पुढे दूरवर म्हशी रस्ता ओलांडताना दिसल्या की तिथपर्यंत पळत जाऊन ब्रेक मारायचा नाही. इथूनच पाय उचलायचा, म्हणजे आपण पोचेपर्यंत म्हशी निघून जातात. ट्रकवर असताना उस्तादाने शिव्या देऊन देऊन शिकवलं होतं. त्यात काही विशेष आहे असं मला कधी वाटलं नाही. मलाही ती सगळी खोक्याचीच करामत वाटायची. गाढव होतो, दुसरं काय.

आणि मी हे गाढवपण घरोघर वाटलं. माझ्या जावयाला, हमीरला, मीच सांगितलं की बचतराज म्हणजे देव आहे. हमीरची स्वतःची टॅक्सी होती, जसदण ते राजकोट, दिवसाला दोन फेऱ्या. माझी लीरी सुखात होती त्या टॅक्सीवर. हमीरने खोका बसवला आणि पंधरा दिवसांनी मला मिठी मारली. "मामा, वाढलं हो ॲव्हरेज!" वाढणारच. नवा खोका बसवला की माणूस आपोआप हळू चालवतो, कारण त्याला खोका खरा ठरवायचा असतो. पुढे पाय पुन्हा जुन्या वाटेने जातो. पण हे मला तेव्हा कुठे कळत होतं!

कळलं ते एका माशीमुळे.

दसऱ्यानंतर जुनागढचे काही व्यापारी आले होते. गाडी नेहमीसारखी रीबड्याला थांबली, हार झाले, कुंकू झालं. गाडी परत आणल्यावर मी बॉनेट उघडून पुसत होतो, तर बचतराजची नळी हातात निघून आली. नळीचं तोंड मातीने गच्च भरलेलं. कुंभारमाशीने आत घर केलं होतं. काडीने कोरलं तर माती दगडासारखी, आणि आत कोषांची रिकामी टरफलं. म्हणजे एक वीण मोठी होऊन उडूनही गेली होती आणि मागून भोक पुन्हा लिंपलं गेलं होतं. किती महिने झाले असतील देव जाणे. त्या नळीतून हवेचा एक श्वाससुद्धा जात नव्हता, आणि गाडी रीबड्याला पोचत होती.

मी तिथेच जमिनीवर बसलो. खोटं कशाला बोलू, मला रागाच्या आधी आनंद झाला. चार वर्षं कुंकू ज्याला लागत होतं तो हिरवा डबा नव्हता. तो माझा उजवा पाय होता.

ती नळी घेऊन मी शेठसमोर गेलो. शेठ बशीत चहा ओतून फुंकत होता. त्याने नळीकडे पाहिलं आणि बशी संपवली.

"माहीत आहे," तो म्हणाला.

"माहीत आहे? कधीपासून?"

"दोन वर्षांपूर्वी तू भाचीच्या लग्नाला गेलास ना, तेव्हापासून. तीन दिवस, तीन ड्रायव्हर, तीन बाटल्या. खोका लावलेला. एकही शापरच्या पुढे गेला नाही."

"मग लोकांना का विकता?"

"अरे भल्या माणसा, तुझा पाय खोक्यात घालून विकता येतो का? आला असता तर तोच विकला असता." तो हसला. "उद्या तू चौकात उभा राहा आणि ओरड, भाई, हळू चालवा, ब्रेक कमी मारा. फुकट सांग. बघ एक तरी टॅक्सीवाला थांबतो का! पण खोका म्हटलं की रांग लागते."

"ज्यांच्या नळ्या उघड्या आहेत त्यांचं काय? त्यांच्या इंजिनात गरजेपेक्षा जास्त हवा जात असेल. व्हॉल्व्ह जळतील त्यांचे."

"जळतीलच असं नाही," शेठ म्हणाला आणि दुसरा कप मागवला. या वेळी माझ्यासाठी पूर्ण.

मी तो चहा प्यायलो नाही, एवढीच काय ती माझी बहादुरी. मग त्याच आठवड्यात लीरीचा निरोप आला. दिवाळीनंतरच्या लाभपाचमीच्या मुहूर्तावर शेठ तालुक्या-तालुक्याला बचतराजच्या एजन्सी देणार होता आणि जसदणची एजन्सी हमीर घेत होता. त्याची अनामत भरायला टॅक्सी विकायची. गिऱ्हाईक ठरलंसुद्धा होतं.

मी पहिल्या बसने जसदणला गेलो. हमीर बाजरीचा रोटला आणि लसणाची चटणी खात होता. मी त्याच्या ताटाशेजारी ती मातीने भरलेली नळी ठेवली आणि सगळं सांगितलं.

"मामा," तो घास न थांबवता म्हणाला, "चार वर्षं तुम्हीच सांगत होतात ना?"

"चुकत होतो, हमीरभाई. म्हणून तर धावत आलो."

"माझं ॲव्हरेज वाढलं होतं ते?"

"तुम्ही पंधरा दिवस सांभाळून चालवलीत. आता किती देते?"

तो चटणीचं बोट चाटत म्हणाला, "आता नळी साफ करायला झालीय."

"टॅक्सी विकू नका. एवढं ऐका माझं."

"एक विचारू, मामा? राग मानू नका." त्याने ताट बाजूला सारलं. "तुम्हाला शेठने चार वर्षं ड्रायव्हरच ठेवलं आणि मला एकदम एजंट करतोय, हे तर टोचत नाहीये ना?"

"अहो, बापा बोलतायत तर नीट ऐका तरी," ताक घेऊन आलेली लीरी म्हणाली.

"ऐकतोय की! बाटलीवर दाखवा म्हणावं. बिनखोक्याची गाडी रीबड्याला नेऊन दाखवा, मी त्याच क्षणी एजन्सीवर पाणी सोडतो. नुसत्या बोलण्याचं काय, बोलणं कालपर्यंत वेगळंच होतं."

चिडलो, पण तो बरोबरच बोलत होता. माझ्याच जिभेने त्याला खड्ड्यापर्यंत आणलं होतं, आता तिच्यावर कोण विश्वास ठेवणार! मी म्हणालो, "लाभपाचमीला दाखवतो. गाडीची चावी तोवर खिशातच ठेवा."

लाभपाचमीला सकाळी गोंडल चौकडीवर शंभरेक माणूस होतं. सगळीकडचे होणारे एजंट आले होते. हमीर टॅक्सी घेऊन आला होता, लीरी कुंकवाचं ताट घेऊन. टॅक्सीचं गिऱ्हाईकही आलं होतं. तिथेच व्यवहार करून गाडी घेऊन जायची म्हणून. मी पहाटेच खोक्याचे दोन्ही स्क्रू काढले होते, इंजिनाचं भोक बुचाने बंद केलं होतं आणि बचतराज माझ्या जेवणाच्या डब्यात ठेवला होता. तो डबा सीटखाली.

चप्पल काढली आणि निघालो. आयुष्यात इतकी सुंदर गाडी मी चालवली नाही. शापर आलं, मागे गेलं. एकदाही ब्रेक लागला नाही. बाटलीचा तळ दिसायला लागला तेव्हा समोर रीबड्याची कमान होती, आणि जुनी रेघ ओलांडून पुढे विजेचे तीन खांब गेल्यावर गाडीने हळूच श्वास सोडला. चार वर्षांत एवढ्या लांब कधी गेली नव्हती.

मेटाडोर आली, मागून हमीरची टॅक्सी आली. लोकांनी ओरडून रान उठवलं. दोघांनी धावत जाऊन शेठच्या गळ्यात झेंडूचा हार घातला. लीरी कुंकवाचं ताट घेऊन बॉनेटपाशी आली, तेव्हा मी म्हणालो, "थांब," आणि बॉनेट उघडलं.

खोका नव्हता. नुसती स्क्रूची दोन भोकं.

मी सीटखालून डबा काढला, झाकण उघडलं आणि बचतराज सगळ्यांना दिसेल असा वर धरला. "हा माझ्या बुडाखाली होता," मी म्हणालो. "गाडी पायाने आली. बचत पायाने होते, खोक्याने नाही."

शेठचा चेहरा चुन्यासारखा पांढरा पडला. अजून चार वाक्यं मी बोलायला हवी होती. माशीची माती, भाचीचं लग्न, तीन बाटल्या, सगळं माझ्या तोंडाशी आलं होतं.

पण शेठ माझ्याहून चपळ. तो पुढे झाला, माझ्या हातातून खोका घेऊन त्याने कपाळाला लावला आणि मोठ्याने हसला.

"भाईहो! हे गुपित मी आणखी महिनाभर ठेवणार होतो, पण या करमणला कुठे दम निघतोय! चार वर्षं बचतराज लावलेलं इंजिन आहे हे. आता खोका काढला तरी तितकंच ॲव्हरेज! तितकंच कसलं, तीन खांब जास्त! इंजिनाला सवय लागली, भाई, सवय! आज लावा, उद्या काढून मुलाच्या गाडीला लावा. सांगा, अशी वस्तू दुनियेत आहे?"

मग त्याने स्वतःच्या गळ्यातला हार काढला आणि माझ्या गळ्यात घातला. "आणि हा माझा करमण! असा ड्रायव्हर साऱ्या काठियावाडात नाही. वाजवा टाळ्या!"

टाळ्या वाजल्या. एवढ्या टाळ्या मी कधी ऐकल्या नव्हत्या, निदान माझ्यासाठी नाहीच. कुणी माझ्या पाया पडलं. एक म्हातारा एजंट माझा उजवा पाय निरखून बघत होता. झेंडू ताजा होता, मानेला गार लागत होता. मी गप्प उभा राहिलो. म्हटलं, जरा आवाज ओसरू दे, मग बोलतो. आवाज ओसरला तेव्हा शेठच्या मेटाडोरपाशी रांग लागली होती, आणि हमीर त्या रांगेत होता.

मी धावत त्याच्यापर्यंत गेलो. "हमीरभाई, तो खोटं बोलतोय. तुम्ही पाहिलंत ना, बिनखोक्याची आणली."

"काय जोडी आहे तुमची, मामा!" त्याने माझ्या पाठीवर थाप मारली. "आधी मला नळी दाखवून घाबरवलंत, मग इथे हा तमाशा. आधीच सांगितलं असतंत तर मी दोन तालुके घेतले असते."

टॅक्सी विकली गेली. त्या दिवसापासून शेठने हे नेहमीचंच केलं. गाडी थांबली की ड्रायव्हरने डब्यातून खोका काढून दाखवायचा. मी नोकरी सोडली. म्हणे आता दुसरा ड्रायव्हर हे काम करतो, आणि तो शापरलाच थांबतो, पण जिंकल्याची रेघही आता आधीच शापरला मारून ठेवतात.

जसदणला होळीच्या आत लोक हमीरच्या दारात खोके फेकून गेले. कुणाचे व्हॉल्व्ह जळले होते, कुणाचं इंजिन तापून आखडलं होतं. एकाने हमीरच्या कानाखाली वाजवली. आता हमीर आपलीच जुनी टॅक्सी नव्या मालकासाठी चालवतो. अजून दोन फेऱ्या, पण संध्याकाळी चावी मालकाच्या खुंटीला.

परवा लीरी आली होती. तिच्या आईने तिच्यासमोर पुन्हा हमीरला नावं ठेवायला सुरुवात केली, की एवढं सांगितलं तरी ऐकलं नाही, डोळ्यांदेखत दाखवलं तरी पटलं नाही. मीही सूर मिळवला. लीरी तांदूळ निवडत होती. तिने मान वर केली नाही.

"त्यांना पटलं होतं, बापा," ती म्हणाली. "तुम्ही डब्यातून खोका काढलात ना, तेव्हा मी ह्यांच्या शेजारीच होते. गिऱ्हाइकाला द्यायला काढलेली चावी ह्यांनी परत खिशात घातली. गिऱ्हाइकाला म्हणाले, राहू द्या, व्यवहार होणार नाही."

"मग?"

"मग शेठने तुमच्या गळ्यात हार घातला आणि तुम्ही हसलात. तेव्हा ह्यांनी चावी पुन्हा बाहेर काढली."

तिने सुपातले तांदूळ पाखडले आणि आत निघून गेली. इतके महिने मला वाटत होतं, मी नुसता गप्प उभा होतो.