दीड इंच माया

मास्तरांना मास्तर म्हणत ते केवळ शिंपी होते म्हणून. गल्लीत एक खरेखुरे शाळामास्तरही राहत, पण त्यांना आताशा सगळे सर म्हणू लागले होते. त्यामुळे ती पदवी मोकळी पडली आणि मापाच्या टेपाबरोबर कायमची यांच्या गळ्यात येऊन बसली. शाळेशी यांचा संबंध सातवीतच तुटलेला. अक्षर मात्र सुरेख. खडूने कापडावर असे देखणे आकडे टाकत की कात्री चालवताना त्यांचं त्यांनाच वाईट वाटे.

दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. दोन मशिनं, कापायचं एक टेबल, आणि कपडे घालून बघायला पडदा लावून केलेला कोपरा. मास्तर कापत आणि शिवत. बायको काजं-बटणं करी. मुलगी टेबलाच्या टोकाला चिंध्या बाजूला सारून अभ्यास करी. घरात तिला टाचणी म्हणत. अंगाने तशीच बारीक, आणि बोलणंही तसंच, जिथे लागायचं तिथे बरोबर लागणारं.

मास्तरांची एक खोड गल्लीभर माहीत होती. ते माया फार ठेवत. माया म्हणजे शिवणीच्या आत राखलेलं जास्तीचं कापड. माणूस सुटला, पोर वाढलं, की शिवण उसवायची आणि कपडा तेवढा सैल करायचा. बाकीचे शिंपी अर्ध्या इंचावर भागवत. मास्तर एक इंच ठेवत, आणि माणूस आवडला तर दीड.

"जास्त असलं तर आत घेता येतं. कमी पडलं तर मी काय माझी कातडी जोडू?" हे ते प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवत. जुन्या गिऱ्हाइकांना ते पाठ झालं होतं.

टाचणीला डोळे तपासायचं शिक्षण घ्यायचं होतं. चार वर्षांचा अभ्यासक्रम होता आणि तो शिकवणारं आसपास एकच कॉलेज. या वेडाचं मूळ घरातच होतं. काळ्या कापडावर काळ्या दोऱ्याने काजं करून करून आईच्या डोळ्यांचं पार वाटोळं झालं होतं, आणि चष्म्याच्या दुकानात दोनदा चुकीच्या नंबरचा चष्मा तिच्या गळ्यात मारला होता. कॉलेजच्या यादीत टाचणीचं नाव लागलं त्या दिवशी मास्तरांनी मशीन अर्धा तास बंद ठेवलं. फीचा कागद आईने नाकापाशी नेऊन वाचला, आणि घडी करून परत दिला.

मग टाचणी शिष्यवृत्त्यांच्या हात धुऊन मागे लागली. तिने एक वहीच घातली. एक शिष्यवृत्ती आईबाप नसलेल्यांसाठी होती. "इथे तुम्ही दोघांनी माझं नुकसान केलंत," ती म्हणाली आणि तिघंही हसले. एक होती पोहणाऱ्यांसाठी. एक विणकरांच्या मुलांसाठी. म्हणजे कापड विणणाऱ्याच्या पोराला पैसे आणि ते शिवणाऱ्याच्या पोरीला ठेंगा. त्यावर मास्तर दोन दिवस धुसफुसत होते. कुठे तारीख उलटून गेलेली, कुठे फोन कुणी उचलेना. वहीतल्या ओळी एकेक करून कापल्या गेल्या, आणि शेवटी एकच उरली. कुणा धनिकाने आपल्या आईच्या नावाने न्यास काढला होता. दरवर्षी एका मुलीची चारही वर्षांची सगळी फी तो भरणार. लेखी परीक्षा झाली, मुलाखत झाली. दोन्हींत टाचणी पहिली आली.

उरला फक्त उत्पन्नाचा कागद. तो पालकाने स्वतःच्या हाताने, शाईने भरायचा, खाडाखोड करायची नाही, आणि पाकीटही पालकानेच चिकटवून त्यावर सही करायची, असा त्यांचा नियम होता.

टाचणीने दुकानाची वही काढून वर्षाचा हिशोब लावला आणि आकडा चिठ्ठीवर लिहून ती कागदाला टाचून ठेवली. "बाबा, हा आकडा जसाच्या तसा उतरवा. मी गुणपत्रिकेवर शिक्का आणायला शाळेत चाललेय. आल्यावर पाकीट देऊन येते."

"इतका ढ समजतेस का मला?"

"ढ नाही हो. हौशी समजते."

ती गेली. मास्तरांनी हात धुतले, टेबल पुसलं आणि कागद समोर घेतला. नाव लिहिलं, पत्ता लिहिला. धंदा: शिवणकाम. मग आकड्याचा चौकोन आला आणि त्यांचा हात थबकला.

चिठ्ठीवरचा आकडा वहीतला होता. पण वहीत सगळं थोडंच असतं? कुणी उभ्या उभ्या पँटची घडी मारून घेतो, कुणी चेन बदलून घेतो, ते पैसे सरळ खिशात जातात. ते किती होतात, देव जाणे. उद्या न्यासाचा माणूस चौकशीला आला आणि म्हणाला, मास्तर, तुम्ही कमी लिहिलंत, म्हणजे खोटं लिहिलंत, तर? पोरीचं सगळं जायचं. आणखीही एक गोष्ट त्यांच्या मनात सलत होती. दुसरं मशीन हप्त्यावर घेताना कर्जाच्या कचेरीत त्यांनी खरा आकडा सांगितला होता आणि तिथला माणूस म्हणाला होता, "एवढंच? मग कसं जमायचं?" तेव्हापासून कागदावर माणूस जरा धडधाकट दिसावा असं त्यांना वाटे. हा कागद नेमकं उलटं मागतो, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. उत्पन्नाची मर्यादा कागदाच्या मागे बारीक अक्षरात छापली होती. मास्तरांनी कागद उलटलाच नाही. टाचणीला ती माहीत होती, पण बाबा उगाच धसका घेतील म्हणून ती बोलली नव्हती.

त्यांनी चिठ्ठीवरचा आकडा घेतला आणि त्यात थोडी माया ठेवली. जास्त असलं तर आत घेता येतं. मग आपल्या त्या सुरेख अक्षरात नवा आकडा लिहिला, एकही खाडाखोड न करता, आणि पाकीट चिकटवलं. मन अगदी हलकं झालं. त्याच दुपारी त्यांनी पांढरं जाड कापड आणलं आणि टाचणीचा कॉलेजचा कोट कापायला घेतला. तिथल्या मुलांना पांढरा कोट लागतो, हे त्यांनी आधीच विचारून ठेवलं होतं. चार वर्षं पुरायला हवा, म्हणून दोन्ही बाजूंच्या शिवणीत दीड दीड इंच माया ठेवली. टाचणीने घालून पाहिला, आरशासमोर दोन गिरक्या घेतल्या, आणि तो पडद्यामागच्या खुंटीला टांगला.

तीन आठवड्यांनी पत्र आलं. दोनच ओळी होत्या. उत्पन्न मर्यादेपेक्षा जास्त असल्याने अर्ज नामंजूर.

"त्यांची चूक आहे," टाचणी म्हणाली. "माझा हिशोब पक्का आहे. चला बाबा, दाखवून देऊ."

मास्तरांच्या तोंडचं पाणी पळालं. सांगायला तेव्हाच हवं होतं. बसमध्ये पाऊण तास मुलगी शेजारी बसली होती, वही छातीशी धरून, आणि दर स्टॉपला ते मनाशी म्हणत होते, आता सांगू. पण आशा ही मोठी नालायक चीज आहे. कदाचित दुसरीच काही चूक असेल, असं त्यांना वाटत राहिलं.

न्यासाच्या कचेरीत एक वयस्कर बाई होती. तिने कपाटातून फाइल काढली आणि कागद टेबलावर त्यांच्याकडे फिरवला.

टाचणीने आकडा पाहिला. मग वहीतला पाहिला. पुन्हा कागद पाहिला. अक्षर ओळखायला तिला वेळ लागला नाही. तिने मान वळवून वडिलांकडे पाहिलं.

"माया ठेवली होती," मास्तर म्हणाले. त्यांचा आवाज त्यांनाच ऐकू येईना.

"काय म्हणालात?" बाईने विचारलं.

"माया हो. थोडी. पुढे कमी पडू नये म्हणून."

बाईला काही उमगेना. मुलीवरच्या मायेचं काही बोलत असावेत असं तिला वाटलं असणार, कारण तिचा चेहरा एकदम मऊ झाला. "माया सगळ्याच आईबापांना असते," ती म्हणाली. "पण कागदाला त्याचं काय?"

"ते शिंपी आहेत," टाचणी म्हणाली. "त्यांनी आकडा वाढवून लिहिलाय. खरा हा आहे, या वहीतला. तुम्ही बघा ना."

बाईने वही उघडलीसुद्धा नाही. "पोरी, नकार गेला की आठवड्याभरात लोक कमी आकडा घेऊन इथे येतात. दर वर्षी. कुणी रडतं, कुणी वही आणतं. समितीने ठरवून टाकलंय, पहिला आकडा खरा. आणि हा तर तुझ्या वडिलांच्या हातचा आहे. बोटभर वर गेलात तुम्ही, बोटभरच. पण वर ते वरच."

"मग आत घ्या ना," मास्तर म्हणाले. "जास्त झालंय ते आत घ्या. मी इथेच बसून करून देतो."

आपण काय बोललो हे त्यांच्या लक्षात आलं. बाईने फाइल मिटली. पुढच्या वर्षी अर्ज करता येईल का, हे टाचणीने विचारलं. नाही, त्याच वर्षी शाळा संपलेल्या मुलींसाठीच आहे, असं उत्तर मिळालं.

 परतताना टाचणी ओरडली असती, चार बोचरे शब्द बोलली असती, तर मास्तरांना सोसलं असतं. तिने खिडकीशी बसून शिष्यवृत्त्यांची वही काढली आणि तिच्यातली शेवटची ओळ कापली, पट्टी नसताना, अगदी सरळ.

फी भरायला दहा दिवस होते. कर्जाला पगाराची स्लिप असलेला जामीन लागत होता. टाचणीचा मामा नोकरीत होता. तो "बघतो" म्हणाला, आणि त्यानंतर त्याचा फोन कधी लागलाच नाही. मास्तरांनी मशीन विकायला काढलं, तर आई मशीनवर दोन्ही हात ठेवून उभी राहिली. "हे गेलं की खायचं काय? आणि एवढ्याने एका वर्षाचंही भागत नाही. पुढची तीन?" तिचं बरोबर होतं. तिच्या बरोबर असण्याचा राग मास्तरांना त्या दिवशी पहिल्यांदा आला. दहावा दिवस आला तसा गेला. अकराव्या दिवशी टाचणी दुसऱ्या मशीनवर येऊन बसली आणि तिने बॉबिन भरायला घेतली. तिला कुणी सांगितलं नव्हतं.

काम तिला येतच होतं. आईचे डोळे आता काजांना पुरत नव्हते, ती काजंही तिने घेतली. मास्तर तिच्याशी बोलायला विषय शोधत. ती विचारलं तेवढं उत्तर देई, नीट देई, आणि हेच त्यांना खाई.

महिना झाला नसेल. एक बाई आपल्या मुलीला घेऊन घाईघाईने दुकानात आली. मुलगी टाचणीच्याच वयाची, जरा भरलेल्या अंगाची, आनंदाने नुसती फुललेली.

"मास्तर, उद्या सकाळपर्यंत पांढरा कोट हवा. काही करा," बाई म्हणाली. "तयार मिळतो तो हिला होत नाही. हिचं नाव आयत्या वेळी लागलं हो! आम्ही तर आशाच सोडली होती."

"डोळ्यांच्या कॉलेजात," मुलगी म्हणाली. "माझं नाव वेटिंगच्या यादीत राहिलं होतं, सगळ्यांत वर. एका मुलीने म्हणे जागा सोडली."

आईचा बटण लावणारा हात थांबला. मास्तर "आता होणार नाही, वेळ नाही" असं म्हणायला उठले, पण टाचणी त्यांच्या आधी उठली होती. पडद्यामागे जाऊन तिने खुंटीवरचा कोट आणला.

"हा घालून बघ."

कोट खांद्यांना बसला, हातांना बसला. पोटापाशी बटण लागेना. मुलीचा चेहरा उतरला.

"काढ," टाचणी म्हणाली. तिने कोट टेबलावर उलटा केला आणि ब्लेडने बाजूची शिवण उसवायला सुरुवात केली. टाक्यामागून टाका तुटत होता. मास्तरांना तो प्रत्येक टाका ओळखीचा होता. आतलं सगळं कापड नवं कोरं, दुमडीत जरासुद्धा मळलेलं नाही. त्यांना वाटलं, तिच्या हातातून कोट ओढून घ्यावा. पण कुठल्या तोंडाने?

"बसेल ना गं मला?" त्या मुलीने विचारलं.

टाचणीने दुमडलेलं कापड बोटाने सपाट केलं आणि त्यावर टेप ठेवला.

"बसेल की. दीड इंच आहे आत," ती म्हणाली. मग महिन्याभरात पहिल्यांदा तिने वडिलांकडे सरळ पाहिलं. "आमचे बाबा माया फार ठेवतात."

मास्तरांनी खडू उचलला आणि नवी रेघ आखायला कोटावर वाकले. खडू हातात नुसताच राहिला. शेवटी तिनेच तो त्यांच्या बोटांतून काढून घेतला आणि रेघ आखली.