मूठभर साखर

तुळशीराम पनवेलला निघाला होता तो नकार द्यायला. त्यांच्या आगरी लोकांत नकार दारात जाऊन, समोरासमोर द्यायचा. निरोप धाडला तर तो अपमान. पनवेलच्या काशीरामच्या मुलासाठी, शिवासाठी, तुळशीरामच्या लेकीला, भामाला, मागणी आली होती आणि भामाला शिवा मनापासून आवडला होता. तुळशीरामचं म्हणणं एकच: मिठागराचा बांध फुटला तेव्हा काशीराम माती टाकायला आला नाही, त्याच्या घरी मुलगी द्यायची नाही. खरं कारण तो कुणाला सांगत नव्हता. त्याला मधुमेहाची सुई रोज सकाळी भामा टोचायची, तीही हलक्या हातानं. बायकोला, सत्यवतीला, सुई बघूनच घेरी यायची.

त्या सकाळीही भामानं सुई टोचली, भाकरीचं गाठोडं हाती दिलं आणि बजावलं, "गारीत बसल्या बसल्या खावा. सुई घेतल्यावर उपाशी रव्हाचा नाय." तुळशीरामनं मान डोलावली, गाठोडं एसटीच्या फळीवर ठेवलं आणि नकाराची वाक्यं मनात घोळवत बसला. पनवेल येईपर्यंत ती तोंडपाठ झाली. तो उतरला. गाठोडं पुढं पेणला गेलं.

स्टँडसमोरच्या हॉटेलात शिरा होता, जिलबी होती आणि साखर घालूनच उकळलेला चहा होता.

"बिनसाखरेचा काय हाय?"

"पाणी," वेटर म्हणाला.

तुळशीराम पाणी प्याला आणि स्वतःवर बेहद्द खूश झाला. गोड खायचं नाही, हे डॉक्टरांचं वाक्य त्याच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. हातपाय कापायला लागले तर साखर खा, असंही डॉक्टर म्हणाले होते. ते त्याला थट्टेचं वाटलं होतं.

काशीरामच्या ओटीवर पंच मंडळी बसली होती. काशीरामच्या बायकोनं, कमळाबाईनं, पोहे आणले. नकार द्यायला आलेल्यानं त्या घरचं खायचं नसतं, म्हणून तुळशीरामनं बशी बाजूला सारली. मधोमध साखरेचं ताट होतं. मुलीच्या बापानं त्यातली साखर तोंडात टाकली की सोयरीक पक्की, मग शब्द फिरत नाही.

"बोला," काशीराम म्हणाला.

तुळशीरामनं तोंड उघडलं. वाक्यं गेली होती. अंगाला दरदरून घाम फुटला, हात लटलटू लागले, समोर दोन काशीराम दिसू लागले, आणि दोघांपैकी एकही बांधावर आला नव्हता. तेवढ्यात त्याला डॉक्टरांची थट्टा आठवली. त्यानं ताट ओढलं आणि मूठभर साखर तोंडात कोंबली. मग आणखी एक मूठ.

"सोयरीक झाली!" पंच ओरडले. कमळाबाईनं डोळ्यांना पदर लावला. शिवा पेढे आणायला धावला. तुळशीराम साखर चावत राहिला.

थरथर थांबल्यावर त्यानं खाली मान घालून खरं ते सांगितलं: सुई, गाठोडं, एसटी. सगळे काशीरामकडे बघू लागले.

"मंग ती दवा झाली, शबुद नाय," काशीराम सावकाश म्हणाला. "तुमी मोकले. आन बांधाचा म्हनाल, तर त्या दिशी माजा बाप मरनाला टेकला व्हता. नंतर येऊन सांगाला पायजे व्हता. मना लाज वाटली."

आता तुळशीरामला आपली वाक्यं पुन्हा सगळी आठवत होती. पण तोंडून भलतंच बाहेर पडलं. "भामा गेली तं मना सुई कोन टोचल?"

बोलून तो शरमला. कुणी हसलं नाही. मग त्यानं ताटातली चिमूटभर साखर घेतली आणि जिभेवर ठेवली. हात अजिबात कापला नाही.

कमळाबाईनं पोह्यांची बशी पुन्हा पुढं केली.

घरी पोचला तेव्हा भामानं लग्नाचं काही विचारलंच नाही. "भाकर खाल्ली?" म्हणाली.

"नाय. काशीरामच्या घरी पोहे खाल्ले."

भामा उंबऱ्यातच बसली आणि रडू लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुई सत्यवतीनं टोचली, तोंड दुसरीकडे करून. तुळशीरामच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

"लागला काय, बाबा?" भामानं विचारलं.

"नाय," तो म्हणाला. "तुज्यापरीस बरी टोचते तुजी आई."