तीन बोटांचा जबडा

हेमलता खांबेटेच्या डाव्या जबड्याच्या आखडलेल्या सांध्यात, कानाच्या अगदी पुढ्यात, सोमवारी सकाळी संशोधन केंद्र सुरू झालं. तिनं एवढंच विचारलं, "चपला बाहेर काढणार ना?"

"अर्थात," डॉ. बोरगावकर म्हणाले. तिच्या दाढांपाशी त्यांनी चपला टाचेला टाच लावून मांडल्या आणि ते आत गेले. पाठोपाठ त्यांची माणसं गेली.

हेमलता निर्धास्त होती. एवढी शिकलेली मंडळी आत गेलीत म्हटल्यावर सांधा मोकळा होणारच. रविवारी भाचीचं बारसं होतं. नाव आत्यानं ठेवायचं. ते तिनं ठरवलं होतं आणि कुणाच्या बापाला सांगितलं नव्हतं.

तोंडात तीन उभी बोटं मावली की जबडा धड, असा आतल्यांचा हिशेब. त्यांनी उजव्या दातांवर सांधा सैल करणारी खरी पट्टी चढवली, डाव्यांना पट्टी चढवल्याचं नुसतं सांगितलं. दोन्ही बाजू सारख्याच सुधारल्या. हेमलतानं चक्क पेरू खाल्ला.

"बरं वाटतंय हो," ती म्हणाली.

"बरं वाटणं वेगळं, सिद्ध होणं वेगळं," आतून डॉक्टर म्हणाले. "आता पहिल्यापासून करावं लागेल."

त्यांनी आणखी कपाटं मागवली. सांध्यातला बोळ लांबला, थेट कानशिलापर्यंत गेला. तोंडात दोन बोटं मावेनात, मग एकही मावेना.

"घोडं अडलंय कुठं?" तिनं दातांआडून विचारलं.

"एकाच बाईवरून काही म्हणता येत नाही. रुग्ण वाढवायला हवेत. अगदी तान्ह्या वयापासून बघायला हवं."

रविवारी तिचा जबडा घट्ट मिटला होता. वहिनी कासावीस झाली.

"वन्सं, निदान कागदावर तरी लिहून द्या!"

हेमलतानं ठाम नकार दिला. आत्यानं नाव सांगायचं ते तोंडानंच. ती पाळण्यावर वाकली, बाळाच्या कानाला ओठ लावले. बायकांनी 'कुर्रर्र' करत रिवाजाप्रमाणे तिच्या पाठीत सणसणीत धपाटे घातले.

कट्ट!

जबडा सताड उघडला. तीन काय, चार बोटं मावली असती.

"आभा!" ती म्हणाली. डोळ्यांत टचकन पाणी आलं. तिनं जिभेनं दाढांपाशी चाचपलं. तिथं काहीच नव्हतं.

पाळण्यात आभानं जांभई दिली. ती अर्ध्यावरच अडकली. बोळक्या हिरड्यांपाशी, टाचेला टाच लावून, चपला मांडल्या होत्या.