चाळणीतली भरड

सात नंबरच्या चौकोनावर मावशींनी तिसऱ्यांदा पाणी फवारलं आणि उकिडव्या बसून त्या मातीकडे बघत राहिल्या. पाणी जिरलं. माती गडद झाली, आणि थोड्या वेळानं पुन्हा फिकी पडली. बस्स, एवढंच.

"नाही ना?" मागून भाचीनं विचारलं.

"दम धर जरा. दही काय विरजल्या विरजल्या लागतं?"

"मावशी, साय जिवंत असली की दहा मिनिटांत हिरवी होते. हे तूच शिकवलंयस मला."

शिकवलं होतं खरं. वाळवंटाच्या अंगावर कुठे कुठे एक काळा, खरखरीत पापुद्रा धरतो. त्यात डोळ्यांना न दिसणारे जीव असतात. तंतूंनी वाळूचा कण न् कण बांधून ठेवतात, आणि हवेतला नायट्रोजन ओढून मातीच्या पोटात घालतात. पाणी नसेल तेव्हा वर्षानुवर्षं मेल्यासारखे पडून राहतील. चार थेंब मिळाले की ताडकन जागे. पुस्तकात त्यांची नावं हातभर लांब. संशोधन केंद्रात मात्र सगळे त्या पापुद्र्याला 'साय' म्हणत, आणि हे नाव पाडलं होतं मावशींनी, नोकरीला लागल्या त्याच वर्षी.

"हात जड होता तुमचा, बाई," मोठ्या छत्रीखाली खुर्ची टाकून बसलेले डॉक्टर म्हणाले. "मी तेव्हाच म्हणालो होतो."

"आणि तुमची जीभ. ती अजून हलकी झालेली दिसत नाही."

डॉक्टर मातीचे, माणसांचे नव्हेत. वय एक्क्याऐंशी. बावीस वर्षांपूर्वी त्यांच्या मनानं घेतलं होतं, की साय पेरता येते. लांबच्या पठारावरून ती खरवडून आणायची, कुटायची, चाळायची आणि मैद्यासारखं पीठ उघड्या वाळूवर भुरभुरायचं. वीस चौकोन आखले. कुटणं, चाळणं, भुरभुरणं सगळं मावशींकडे. चार वर्षांनी डॉक्टरांनी वहीच्या शेवटच्या पानावर एकच शब्द लिहिला, 'अयशस्वी', आणि निवृत्त होऊन घरी बसले. पुढे मावशीही निवृत्त झाल्या, आणि त्यांच्या मागे फिरून फिरून परीक्षानळ्या मोजायला शिकलेली भाची त्याच केंद्रात शास्त्रज्ञ म्हणून आली.

आता केंद्रामागची ही जागा गाड्या उभ्या करायला सपाट करायची होती. भाचीला तिथंच साय पेरण्याचं काम पुन्हा उभं करायचं होतं. नव्या संचालकांनी तिला सांगितलं होतं, "पेरलेल्या सायीचा एक जिवंत ठिपका दाखवा. चार वाजता येतो मी. नाही दिसला, तर उद्या बुलडोझर."

म्हणून तर ती सकाळी सकाळी या दोन म्हाताऱ्यांना गाडीत घालून घेऊन आली होती. आणि आता बारा वाजत आले होते. वीसच्या वीस चौकोन भिजवून झाले होते. भाचीनं वही मिटली, पेन केसांत खोचलं आणि बुटाच्या टोकानं वाळूत उगाच रेघ ओढली. लहानपणी गणित चुकलं की ती अशीच रेघ ओढायची.

मावशींनी ती रेघ पाहिली. मग त्यांची नजर हळूच उत्तरेकडे, चाळणीच्या जुन्या पत्र्याच्या खोलीमागे गेली आणि तिथून पटकन परत आली. पदरानं चष्मा पुसला. तो स्वच्छच होता. तरी पुन्हा पुसला.

मग गुडघ्यांवर हात देऊन उठल्या, पाण्याची बाटली घेतली आणि चालू लागल्या.

"तिकडे कुठे?" डॉक्टर ओरडले. "तिकडे काही पेरलेलं नाही!"

"पेरलेलं नाही. फेकलेलं आहे."

"काय?"

मावशी थांबल्या. वळल्या मात्र नाहीत.

"चाळणीत उरायची ती भरड."

"भरड भाजून फेकायची होती. भट्टीत. नियमच होता तसा, बाहेरगावचा जीव जिवंत सोडायचा नाही म्हणून. दारावर कागद डकवला होता मी."

"हो."

"आणि रजिस्टरात रोज तुमची सही आहे. 'भरड भाजली.'"

"सही माझीच आहे."

भाची एकदा मावशीकडे बघे, एकदा डॉक्टरांकडे. एकतीस वर्षांच्या नोकरीत मावशींचा एक आकडा कधी खोटा निघाला नव्हता. तराजू चुकेल पण बाई चुकणार नाही, असं डॉक्टर पाहुण्यांना सांगत. ते वाक्य मावशींना पाठ होतं. घरी कुणी नसताना त्या ते कधीमधी मनात म्हणूनही बघत.

"भाजली नाही," मावशी म्हणाल्या. "एकदाही नाही. जिवंत जिन्नस, डॉक्टर. पठारावरून येताना तान्ह्या पोरासारखा मांडीवर धरून आणायचा आणि संध्याकाळी आगीत घालायचा? हात धजला नाही माझा. खोलीमागे सावली असते, तिथं चाळणी झटकायची आणि आत येऊन सही करायची. आता काय बोलायचं ते बोला."

बोलणी ऐकायला मावशी थांबल्या नाहीत. त्या तशाच पुढे गेल्या, खोलीच्या मागे वळल्या आणि खाली काळा पापुद्रा बघून जागच्या जागी थबकल्या. मग त्यांनी बाटलीची कळ दाबली.

पाणी पडलं. जिरलं. एक मिनिट गेलं, दोन गेली.

मग काळ्याच्या आतून काहीतरी वर आलं. आधी वाटलं, नजरेचाच खेळ. मग एक कड पोपटी झाली, दुसरी झाली, आणि बघता बघता पाणी पोचलं होतं तेवढी सगळी जमीन हिरवीगार झाली. चाळणी झटकल्यावर भरड जशी पसरते, तस्साच अर्धगोल पंखा. कुणीतरी हिरवा हातपंखा वाळूवर उघडून ठेवावा तसा.

"मावशी!" भाचीची किंकाळी अशी होती की डॉक्टर काठी विसरून धावत आले, धावत म्हणजे त्यांच्या हिशेबानं.

भाची पोटावर आडवी पडली होती, भिंग डोळ्याला लावून. "सर, बघा ना! ओले होऊन वर येतायत! तंतू दिसतायत!"

डॉक्टर वाकले. बराच वेळ वाकूनच राहिले. मावशींना वाटलं, कंबर धरली की काय.

"पीठ उडून गेलं," ते शेवटी जमिनीशीच बोलल्यासारखे म्हणाले. "वाऱ्यानं नेलं सगळं. भरड बसून राहिली. मी नेमकं नको ते पेरलं, आणि हवं ते भाजायला सांगितलं." मग एकदम सरळ होत, "अठरा वर्षं! बाई, अठरा वर्षं घरात तोंड पाडून बसलो मी! एकदा सांगता आलं नाही?"

"मला तरी कुठे माहीत होतं? तुम्ही चौकोनांत बघत होतात, मीही चौकोनांतच बघत होते. हा तर कचरा होता आपला. कचऱ्याकडे कोण बघतं?"

डॉक्टरांच्या घशातून एक विचित्र आवाज आला. भाची घाबरून उठली. पण ते हसत होते, खांदे गदागदा हलवत, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

भाचीनं दोन खपल्या अलगद उचलून काचेच्या बरणीत बंद केल्या, चाचणीचा वायू सोडला आणि बरणी उजेडात ठेवली. साडेतीनला यंत्राच्या कागदावर रेघ सपाट सपाट जात होती. ती अचानक उभी चढली, टोकदार. म्हणजे हे जीव नुसते जागे नव्हते, नायट्रोजन ओढायच्या कामालाही लागले होते. भाची तो कागद वर धरून व्हरांड्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पळाली. पस्तिशीची शास्त्रज्ञ ती, पण पळाली.

संचालक ठरल्याप्रमाणे चारला आले. कडक इस्त्रीचा शर्ट. त्यांनी हिरवा पंखा पाहिला, कागद पाहिला.

"आपोआप आली नसेल कशावरून?"

भाचीनं एक खपली उलटी केली. वर हिरवी, खाली विटेसारखी लाल. "ही माती पठारावरची. आपली वाळू पांढरी आहे."

संचालकांनी खिशातून फोन काढला. "उद्या येऊ नका," ते कुणाला तरी म्हणाले. "नाही, परवाही नको." मग भाचीकडे वळून, "अहवालात पद्धत काय लिहिणार? कशी पेरली?"

भाचीनं पेन काढलं, पण लिहिना. डॉक्टर खाकरले.

"लिही. भरड, न भाजलेली. नियम मोडून फेकलेली. नियम चुकीचा होता, तेही लिही. तो माझा होता."

"आधी माझ्या खोट्या सह्या लिही," मावशी म्हणाल्या.

"तुमच्या सह्या नंतर. मी वयानं मोठा आहे."

"चुकीत काय मोठं-धाकटं?"

"नंतर भांडा हो," भाची म्हणाली. "मावशी, असे किती पंखे असतील?"

मावशींनी बोटांवर मोजलं. "साठ संध्याकाळी चाळलं मी."

डॉक्टरांनी त्यांच्या हातातली बाटली काढून घेतली आणि ताठ मानेनं निघाले. खोलीमागे पहिला धरून तीन पंखे भिंतीलगत मिळाले, चौथा जरा पुढे. मग काहीच नाही. डॉक्टर पाणी मारत होते, माती नुसती भिजत होती.

"संपले वाटतं," संचालक म्हणाले. त्यांची इस्त्री एव्हाना गुडघ्यांपाशी मोडली होती.

मावशी कपाळाला आठी घालून उभ्या होत्या, दिवस आठवत. पाचवा दिवस. सहावा.

"तिथं नाही," त्या म्हणाल्या. "पुढे चला. अजून पुढे. कुंपणापर्यंत."

"इतक्या लांब?" डॉक्टरांनी विचारलं. "इतक्या लांब कशाला झटकली?"

"त्या आठवड्यात तुम्ही रोज ओरडत होतात माझ्यावर."

डॉक्टरांनी बाटली सावरली आणि निमूटपणे कुंपणाकडे चालू लागले.