शेणव्याचा शास्त्रज्ञ

साईनाथ निमसे मुरबाडच्या एमआयडीसीत एका कारखान्यात खोकी बनवायचा. लाकडी खोकी. कारखान्यात लेथवर धातूच्या कड्या, झाकणं, नळ्यांचे जोड असं काय काय कातलं जायचं. ज्याचा त्याचा माल ज्याच्या त्याच्या मापाच्या खोक्यात घालायचा, भोवती फोम दाबायचा, झाकण ठोकायचं आणि बाहेरून काळ्या रंगानं बाण काढून 'ही बाजू वर' असं लिहायचं, एवढं साईनाथचं काम. शेणव्याहून सकाळी मोटारसायकलवर निघायचा, किन्हवली, सरळगाव करत मुरबाड गाठायचा आणि संध्याकाळी केसांत भुसा घेऊन परत यायचा. त्याच्या कामाबद्दल गावात कुणी कधी विचारलं नव्हतं, आणि विचारावं असं त्यात काही नव्हतंही.

घोटाळा झाला तो चांद्रयान चंद्रावर उतरलं त्या वर्षी. कारखान्याला कुठल्याशा मोठ्या पुरवठादाराकडून कड्यांचं काम मिळालं होतं आणि त्या कड्या पुढे रॉकेटला जातात अशी बोलवा होती. कुठल्या रॉकेटला, कुठे बसतात, हे मालकालाही माहीत नव्हतं. साईनाथ जेवताना बायकोला सहज म्हणाला, "आमच्याकडचा माल आता रॉकेटला जातो म्हणं." अक्षदा हे नळावर बोलली. नळावरून ते पिठाच्या गिरणीवर गेलं. गिरणीतून बाहेर पडलं तेव्हा माल आणि कारखाना दोन्ही गळून गेले होते आणि साईनाथ एकटाच रॉकेट बनवत होता.

यान उतरलं त्याच्या दुसऱ्या दिवशी माजी सरपंच काळूराम यांनी नाक्यावर फ्लेक्स लावला. साईनाथचा लग्नातला फेट्यातला फोटो होता. कापताना अक्षदाचा अर्धा खांदा तसाच राहिला होता. मागे चंद्र होता. चंद्रापेक्षा मोठे काळूराम होते. खाली लिहिलं होतं, 'शेणव्याचे सुपुत्र, चंद्रशास्त्रज्ञ'.

सत्कार झाला. शाल-नारळ हातात पडल्यावर साईनाथनं माइक तोंडाशी घेतला आणि खरं ते सांगितलं. "मी खोकी बनवतो," तो म्हणाला.

टाळ्या पडल्या. काळूरामनी माइक परत घेतला. "बघा, किती साधा माणूस. यांना बोलायची बंदी असते. शपथ घेतलेली असते. आमी समजू शकतो."

साईनाथनं पुढं आणखी दोन-चारदा सांगून बघितलं. जितकं सांगावं तितका त्याचा मान वाढायचा. शेवटी त्यानं नाद सोडला. हळदीला गेला की त्याला पुढची खुर्ची मिळायची, गणपतीत आरतीचं ताट आधी त्याच्या हातात यायचं, शाळेतल्या बाई त्याला वाटेत अडवून ग्रहणाबद्दल विचारायच्या आणि तो "हो, होतं असं" म्हणून पुढं सटकायचा. खोटं कशाला बोला, त्याला ते आवडायलाही लागलं होतं.

पण त्याहून एक वेगळी गोष्ट झाली होती आणि ती त्यानं कुणाला सांगितली नव्हती. तो प्रत्येक रॉकेट उडताना बघायला लागला होता. कामावर असला तर जेवणाच्या सुट्टीत, घरी असला तर गोठ्यात धार अर्धी टाकून, मोबाइल हातात धरून. त्यातलं त्याला फार कळायचं नाही. पहिला टप्पा सुटला, दुसरा सुटला, एवढं कळायचं. पण जाळ निघाला आणि ते धूड जमिनीवरून सुटलं की याच्या छातीत काहीतरी उचललं जायचं, आणि तिथली माणसं टाळ्या वाजवेपर्यंत हा श्वास धरून असायचा. गाय पान्हा चोरायला लागली तेव्हा कुठं त्याच्या आईला, गिरजाबाईला, शंका आली.

मग जवळजवळ दोन वर्षांनी आला मे महिन्यातला तो रविवार. त्या पहाटे रॉकेट उडणार होतं, आणि त्याच दिवशी दुपारी साईनाथच्या धाकट्या बहिणीची, भाविकाची, सुपारी फुटायची होती. मुलगा सरळगावकडचा, पंकज नावाचा. काळूरामना हा योग म्हणजे पर्वणीच वाटली. त्यांनी टीव्ही आपल्या अंगणात आणून ठेवला, गावातली माणसं गोळा केली, आणि रॉकेट उडायच्या आधीच साईनाथच्या गळ्यात हार घातला. "नंतर गडबड होते," ते म्हणाले.

रॉकेट उडालं तेव्हा अंगणात टाळ्या आणि शिट्ट्या. पहिला टप्पा झाला. दुसरा झाला. साईनाथचं लक्ष टीव्हीतल्या माणसांकडं होतं. ती रांगेनं बसलेली, मान वर करून आकडे बघत होती. तिसऱ्या टप्प्यात कुणीतरी वळून शेजारच्याकडं बघितलं. मग दुसऱ्यानं बघितलं. बोलणाऱ्या बाईंचा आवाज कमी झाला. साईनाथला कळलं, आणि अंगणातल्या बाकीच्यांना ते टीव्हीवर तिथल्या मोठ्या साहेबांनी येऊन सांगितल्यावर कळलं: मोहीम पूर्ण झाली नाही.

काळूराम उठले, साईनाथच्या गळ्यातला हार काढला आणि प्लास्टिकच्या पिशवीत परत ठेवला. "ऊन वाढलं की फुलं कोमेजतात," ते म्हणाले. सूर्य अजून डोंगरामागंच होता.

"साईनाथ, झालं काय नक्की?" मागून कुणीतरी विचारलं.

"मला काय माहीत? मी खोकी बनवतो."

दोन वर्षं हेच वाक्य ऐकून लोक टाळ्या वाजवत होते. आज कुणी टाळी वाजवली नाही.

"आता खोकी," एकजण म्हणाला.

"तू त्या खोक्यावर 'ही बाजू वर' लिहितोस ना रे?" दुसऱ्यानं अगदी काळजीनं विचारलं. "बाजू चुकली नाय ना?"

साईनाथनं तिथूनच मालकाला फोन लावला. मालक झोपेतून उठला, वैतागला आणि म्हणाला की आपल्या कड्या या रॉकेटात नव्हत्याच, आपला माल अजून पुरवठादाराच्या गोदामात पडून आहे. साईनाथनं फोन ठेवून हे सगळ्यांना सांगितलं.

काळूरामनी मान हलवली. "पडल्यावर असंच म्हणतात. मला विचारा ना. मागल्या साली आपला रस्ता उखडला, तेव्हा मी पण हेच म्हणालो होतो."

साईनाथ घरी आला आणि ओटीवर बसून राहिला. अक्षदानं भाकरी आणि ठेचा पुढं ठेवला. त्यानं ताट हातानं बाजूला सारलं.

"तुमचं काय गेलं त्यात?" ती म्हणाली.

"काय नाय."

"मग खावा."

"तू ती पोरं बघितलीस का टीव्हीत? टाळ्या वाजवायला हात वर घेऊन बसलेली. ते हात त्यांना खाली कुठं ठेवावं कळेना."

लोक याला हसतात म्हणून हा बसलाय असं अक्षदाला वाटलं होतं. तिनं भाकरी झाकून ठेवली आणि जरा वेळ त्याच्या शेजारी बसली.

दुपारी सरळगावकडची मंडळी आली. बातमी सकाळीच सरळगावला पोचलेली होती. पंकजचे वडील बुधाजी यांनी पाणी प्यायलं, चहा घेतला, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि ते त्या टोपीशीच बोलल्यासारखं बोलायला लागले.

"वाईट वाटून घेऊ नका. पण लोक म्हणतात, तुमच्या घरातल्या माणसाच्या हातून रॉकेट पडलं. आमच्या घराण्यात आजवर असं काय झालेलं नाय."

साईनाथ तोंड उघडणार तेवढ्यात गिरजाबाई चुलीजवळून उठून आली.

"तुमच्या घराण्यात रॉकेट उडवलं कुणी?" तिनं विचारलं.

"नाय."

"मग पडेल कुठून?"

गिरजाबाई खाली बसली. "तुमचा पंकज पोलीस भरतीला उतरतो ना?"

"उतरतो की."

"झाला का भरती?"

"नाय अजून. तीन-चारदा राहिला."

"आमी कधी बोललो का त्यावर? पळतोय पोरगा, राहतोय, परत पळतोय. ते बघूनच तर पोरगी देतोय आमी. घरात बसला असता तर भरतीत कधीच राहिला नसता, पण मग पोरगी पण दिली नसती."

कोपऱ्यात बसलेला पंकज हसायला लागला. "मावशी, मी गेल्या वेळी खरोखरच पडलो होतो. पळताना. गुडघा फुटला." आणि खूण दाखवावी म्हणून त्यानं भर बैठकीत पँट वर करायला घेतली, बुधाजींनी त्याचा हात धरला.

आतल्या दारातून भाविका बाहेर आली. सुपारीच्या दिवशी मुलीनं मध्ये बोलायचं नसतं, पण तिला राहवलं नाही. "दादा शास्त्रज्ञ आहे असं आमी कुणाला सांगितलेलं नाय. तो खोकी करतो. फ्लेक्स काळूरामकाकांनी लावला, त्यांना विचारा."

बुधाजी साईनाथकडं वळले. "म्हणजे तुमी खरंच शास्त्रज्ञ नाय?"

"नाय हो. दहावी झालो आणि सुतारकीला लागलो."

"शपथबिपथ काय नाय?"

"खोक्याची कसली शपथ?"

बुधाजींनी टोपी परत डोक्यावर चढवली. "मग असं आधी सांगायचं की. दोन महिने झोप नाय मला. एवढा शिकलेला सोयरा दारात आला तर त्याच्याशी बोलायचं काय, त्याला खायला घालायचं काय. आमच्या हिनं तर नवीन कप आणून ठेवले."

सुपारी फुटली. साईनाथनं जेवणात दोनदा भात घेतला.

गावाचं म्हणाल तर गावानं त्याला शास्त्रज्ञ पदावरून काढून टाकलं. हळदीला खुर्ची मागच्या रांगेत गेली. शाळेतल्या बाई ग्रहणाबद्दल मोबाइलला विचारायला लागल्या. साईनाथला चार दिवस ते टोचलं, मग बरं वाटलं. खोकी बनवणाऱ्या माणसाला मागच्या रांगेतून लवकर उठून घरी जाता येतं.

रॉकेट बघणं मात्र त्यानं सोडलं नाही. जुलैच्या शेवटी पुन्हा एक उडायचं होतं, मोठा उपग्रह घेऊन, अमेरिकेबरोबर मिळून केलेला. त्या दिवशी निमश्यांच्या शेतात भाताची आवणी होती. साईनाथ सुट्टी काढून चिखलात उतरला होता, अक्षदा आणि गिरजाबाई रोपं लावत होत्या, आणि होणारा जावई म्हणून पंकज सरळगावाहून मदतीला आला होता. संध्याकाळी साईनाथनं मोबाइल प्लास्टिकमध्ये गुंडाळून बांधावर दगडाला टेकवला आणि सगळे त्याच्याभोवती वाकून उभे राहिले.

"ते वर जाऊन करणार काय?" गिरजाबाईनं विचारलं.

"जमीन बघणार. ढग असले तरी त्याला खालची जमीन दिसते म्हणतात."

"ढगातून?" गिरजाबाईला पटेना. "तलाठ्याला तर बांधावर उभं करून दिसत नाय."

रॉकेट उडालं. पहिला टप्पा, दुसरा टप्पा. मग वरचा टप्पा सुरू झाला, आणि साईनाथ चिखलाचे हात अंगापासून लांब धरून उभा राहिला. पाऊस पिशवीवर टपटपत होता, आकडे नीट दिसत नव्हते. एकदम त्या खोलीतली माणसं उठली, टाळ्या वाजवायला लागली, एकमेकांच्या गळ्यात पडली. साईनाथनं डोळे पुसले, आणि चिखल गालभर लागला.

"झालं ना?" अक्षदानं विचारलं.

"झालं," तो म्हणाला.

तोच वरच्या रस्त्यावरून छत्री हलवत काळूराम येताना दिसले. पांढरी पँट, पांढरा शर्ट. बांधावर येऊन त्यांनी छत्री काखेत धरली आणि दोन्ही हात जोडले.

"साईनाथ, अभिनंदन. मला पहिल्यापासून खात्री होती. फोटो नवीन काढू, तो फेट्यातला जुना झाला. रविवारी कार्यक्रम ठेवू?"

पंकज तोंड फिरवून हसला. गिरजाबाईनं साईनाथकडं बघितलं. साईनाथ जरा वेळ काळूरामच्या पांढऱ्या पँटकडं बघत राहिला. त्याला राग आला नाही. आजच्या दिवशी त्याला कुणाचाच राग येत नव्हता.

"काका," तो म्हणाला, "माणूस एक कमी पडतोय. अंधाराच्या आत हा तुकडा उरकायचाय." आणि रोपांची एक जुडी त्यानं त्यांच्या जोडलेल्या हातांत ठेवली.

काळूरामना काय वाटलं कोण जाणे, त्यांनी चपला काढल्या, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि छत्री अक्षदाकडं देऊन चिखलात उतरले. पहिलं पाऊल पडलं ते पोटरीपर्यंत आत गेलं. ओळ वाकडी लागली, पण लागली. गिरजाबाई मागून येत त्यांची रोपं सरळ करत राहिली आणि मधूनमधून विचारत राहिली की त्या वर गेलेल्या उपग्रहाला आता ही वाकडी ओळ दिसत असेल का, आणि दिसत असेल तर तो हसत असेल का.