कागदाची मागची बाजू

नातीचं नाव आकांक्षा ठेवलं त्याच आठवड्यात, १९९३च्या फेब्रुवारीत, जळबा मातीच्या भिंतीत खिळा ठोकत होता. खिळा दोनदा वाकला. तिसऱ्यांदा बसला तेव्हा त्याने बायकोच्या, सोजराबाईच्या हातातली चौकट घेतली, बाहीने काच पुसली आणि टांगली.

काचेमागे एक जाड कागद होता. कडेने हिरवी वेलबुट्टी, मध्ये हळदीच्या गड्ड्याचं चित्र, खाली दोन सह्या आणि गोल शिक्का. कुरुंद्याच्या शिवारात हळदीचा सहकारी कारखाना नुकताच उभा राहिला होता. हळद घासून चकचकीत करणारा एक मोठा ढोल, निवडणीची शेड आणि ऑफिसची एक खोली, एवढाच तो कारखाना. भांडवल कमी पडलं म्हणून बावीस कामगारांना पहिल्या महिन्याच्या पगाराऐवजी हा कागद मिळाला होता.

"पगाराच्या जागी कागद," सोजराबाई म्हणाली. "चुलीत घालावा तर धड जळायचा बी न्हाई."

"भाग हाय त्यो. चेअरमन सोता म्हनले, कारखान्यात तुमचा बी भाग हाय."

भाग म्हणजे काय, हे जळबाला कुणी सांगायची गरज नव्हती. त्याचा बाप जन्मभर दुसऱ्याचं रान बटईने करत आला होता. रान मालकाचं, राबणं बटईवाल्याचं, खळ्यावर जे पडेल त्यात दोघांचा भाग. ज्याचा भाग असतो त्याने रान आपलंच समजून राबायचं, आणि मालकाच्या मधे बोलायचं नाही. बापाकडून तो एवढं शिकला होता.

म्हणून जळबा रविवारीही कारखान्यावर जाऊ लागला. ढोलाला ग्रीस लावायचा, पन्हाळीत अडकलेला पाला काढायचा. फाटकाजवळ त्याने दोन कडुलिंब लावले आणि दोन उन्हाळे खांद्यावरून पाणी आणून जगवले. या कामाचे पैसे कुणी दिले नाहीत आणि त्यानेही मागितले नाहीत.

तांड्यावरचा थावरा त्याच्यासोबत हमालीला होता. त्याचा कागद पेटीच्या तळाला बायकोच्या कपड्यांखाली गेला होता. रविवारी बाजाराला जाताना तो फाटकाशी थांबायचा.

"काय भागवाले, आज बी हजर?"

"भाग हाय बाबा. करावं लागतं."

"माझा बी हायच की. त्यो पेटीत झोपून राहिला. तू बी झोप जरा, बायको ओळख इसरंल."

अशी दहा वर्षं गेली. सोजराबाईही निवडणीच्या शेडमध्ये लागली. तीस-पस्तीस बाया ओळीने बसून गड्डे वेगळे, हळकुंडं वेगळी करायच्या. त्यांच्या हातांना चढलेला पिवळा रंग साबणाने जात नसे. त्या मजुरीवर सोजराबाईने घरावर पत्रे घातले. दुपारच्या सुट्टीत विहारात साक्षरतेचा वर्ग भरायचा, तिथे ती अक्षरं शिकली. पुढे आकांक्षाची पुस्तकं तिने आकांक्षाच्या आधी वाचली.

२००३च्या सप्टेंबरात बातमी आली. एक मोठी कंपनी कारखाना पंचवीस वर्षांच्या कराराने चालवायला घेणार होती. हळद निवडायला कंपनीचं मशीन येणार होतं. वार्षिक सभेत ठराव झाला की सगळं पक्कं. चेअरमन गुलाबचंद शेठ स्वतः शेडमध्ये आले. माणूस वाईट नव्हता, पण संस्था ओढता ओढता थकला होता.

"बायांनो, माझा इलाज न्हाई," ते म्हणाले. "मशीन आलं की शेड बंद. तुमच्यासाठी मी कंपनीत शब्द टाकीन."

शब्द टाकून कुणाची चूल पेटत नाही, हे बायांना कळत होतं. पण त्यांच्यातली एकही सभासद नव्हती. सभासद होते ते शेतकरी, आणि ते बावीस कामगार.

सभेच्या आदल्या दिवशी सकाळी सोजराबाई नवऱ्याला म्हणाली, "उद्या तुमी बोला."

"मी काय बोलू? मालक रान कोनाला बी दील. बटईवाल्यानं मधी पडू नाई."

"पस्तीस बाया घरी बसत्याल."

जळबा भाकरी मोडत राहिला. सोजराबाई उठली आणि झाडू घेऊन भिंतीकडे वळली. चौकटीच्या खालून वाळवीची रेघ वर चढली होती. तिने चौकट उतरवली तर मागचा पुठ्ठा भुसा होऊन हातात आला. कागद मात्र शाबूत होता. दहा वर्षं भिंतीकडे तोंड करून असलेली त्याची मागची बाजू तिने पहिल्यांदाच पाहिली. ती बारीक अक्षरांनी भरली होती.

कागद घेऊन ती दारातल्या उजेडात बसली. पिवळं बोट अक्षराखालून सरकू लागलं.

"प्र-त्येक स-भासद हा सं-स्थेचा मा... मालक राहील."

जळबाने घास खाली ठेवला.

"काय म्हनलीस?"

"मालक. पुढं आईका. भाग कि-तीही असले तरी प्रत्येकास ए-कच मत राहील."

"पुन्हा वाच."

तिने पुन्हा वाचलं. या वेळी ती कुठेच अडखळली नाही.

"बटईचं काय लिवलंय?"

"बटई कुठंच न्हाई."

"खाली बघ. बारीक असंल."

तिने शेवटच्या ओळीपर्यंत बोट नेलं. "न्हाई. मालकच हाय."

जळबाने कागद हातात घेऊन उलटसुलट केला.

"म्हंजी दहा वर्सं मी मालक म्हनून ग्रीस लावून राहिलो व्हय?"

"व्हय. ते बी फुकट."

त्याने हात धुतले, कागदाची घडी न करता तो शर्टाच्या आत सरकवला आणि तांड्याकडे निघाला. थावराने सगळं ऐकून घेतलं आणि बायकोची बोलणी खात पेटी उपसली. त्याच्या कागदाची एक कड कसरीने खाल्ली होती, पण मागचं 'मालक' वाचता येत होतं. दिवस मावळेपर्यंत दोघं मिळून बाकीच्या वीस घरी जाऊन आले.

दुसऱ्या दिवशी जळबाने दर वर्षीप्रमाणे सतरंज्या अंथरल्या आणि माठ भरला. दर वर्षी तो माठाशी उभा राहून सभासदांना पाणी द्यायचा. शेतकरी येऊन बसले. कामगार आले आणि नेहमीसारखे भिंतीशी उभे न राहता सतरंजीवर बसले. दाराबाहेर बाया होत्या.

"जळबा, पाणी दे," गुलाबचंद शेठ म्हणाले.

जळबाने त्यांना तांब्या भरून दिला. मग तो वळला आणि आपणच अंथरलेल्या सतरंजीवर, तिसऱ्या ओळीत थावराशेजारी बसला.

सेक्रेटरीने ठराव वाचला. पुढच्या ओळीतून सवयीने आवाज आला, "मंजूर!" टाळ्या सुरू झाल्या.

"मंजूर न्हाई," जळबा उभा राहत म्हणाला.

टाळ्या अर्ध्यातच थांबल्या.

"जळबा," शेठ हळू आवाजात म्हणाले, "ही सभासदांची सभा हाय बाबा."

जळबाने शर्टाच्या आतून कागद काढला आणि मागची बाजू वर करून टेबलावर ठेवला. शेठनी चष्मा लावून तो वाचला. पुढच्या बाजूला त्यांचीच सही होती. मागची बाजू त्यांनीही आज पहिल्यांदा वाचली असावी. त्यांनी सेक्रेटरीकडे पाहिलं, मग चष्मा काढला.

"मतं घ्या," ते म्हणाले. "हात वर करून."

ठरावाच्या बाजूने वर आलेले हात मोजून झाले. मग विरोधाचे हात वर गेले. आधी बावीस, आणि मग इकडून तिकडून आणखी. उद्या भावही कंपनीच ठरवील हे ओळखणारे, हळद शिजवून वाळवून हात पिवळे झालेले शेतकरीही त्यांत होते. त्यातला कामगार कोण आणि शेतकरी कोण, तळहातांवरून सांगता येत नव्हतं. दाराबाहेर सोजराबाईने ओठ हलवत सगळे मोजले. मोजून झाल्यावर तिने पदराने तोंड पुसलं आणि बायांना म्हणाली, "चला गं, शेड झाडायची हाय."

ठराव सहा मतांनी पडला. पुढच्या वर्षी तीच कंपनी तयार हळद विकत घेऊ लागली. पोत्यांवर नाव कंपनीचं, निवडणी शेडमधल्या बायांची. मजुरी फार वाढली नाही, पण दर वर्षी थोडी वाढत गेली, आणि ती किती वाढवायची हे सतरंजीवर बसून ठरू लागलं.

सभेनंतरच्या रविवारी जळबा कारखान्यावर गेला तेव्हा थावरा आधीच शिडीवर चढून पन्हाळीतला पाला काढत होता.

"आज बाजार न्हाई का?" जळबाने विचारलं.

"मालकाला कुठली आलीय सुट्टी?" थावरा वरूनच म्हणाला. "शिडी धर. पडलो तर कारखान्याचं नुस्कान हाय."

घरी जळबाने चौकटीला नवा पुठ्ठा लावून घेतला आणि कागद उलटा बसवला. आता वेलबुट्टी आणि शिक्का भिंतीकडे आहेत, बारीक अक्षरं माणसांकडे. पाहुणे विचारतात तेव्हा सोजराबाई ती वाचून दाखवते. भाग आता तिच्या नावावर आहे आणि सभेला ती पहिल्या ओळीत बसते.

जळबा ११ मार्च २००८ला वारला. त्या दिवशी मंगळवार होता. फाटकाजवळच्या कडुलिंबांना मोहोर आला होता.